पावती फाडा, मॅडम!

रात्रीचे पावणेबारा. बदलापूर लोकल कल्याणला बऱ्यापैकी रिकामी झालेली. कल्याण ते विठ्ठलवाडी हे अंतर एवढंसं आहे की सीटवर नीट टेकेपर्यंत उठायची वेळ होते. वालधुनीचा वास आला की समजायचं, आलं आपलं स्टेशन. इंडिकेटर बघायची गरजच नाही. तर तेवढ्या वेळात मोबाइल थरथरला. एका परदेशी सर्व्हर कंपनीची मेल. कार्ड चाललं नाही, बहात्तर तासांत पैसे भरा, नाहीतर खातं बंद.

कार्ड माझं होतं. ते का चाललं नाही हेही मला पक्कं ठाऊक होतं. एका क्लायंटने तीन महिने माझ्या लेखांचे पैसे अडकवले होते (फ्रीलान्सर मंडळी, तुम्ही माना डोलावताय ना?). खात्यात उरले होते एकोणीसशे रुपये आणि त्यातले हजार गॅस सिलिंडरचे. बिल होतं दोन हजार नऊशेचं. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं येत नाही, हे आजी का म्हणायची ते त्या रात्री विठ्ठलवाडीच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहून सॉलिड पटलं.

गंमत म्हणजे तो सर्व्हर माझा नव्हताच. तो 'आमचा' होता.

'आम्ही' म्हणजे कोण, ते आधी सांगते. २०२०च्या लॉकडाउनमध्ये एका मैत्रिणीने व्हॉट्सॅपवर मेसेज फॉरवर्ड केला. परभणीचा एक मुलगा, दृष्टिहीन, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय. त्याला पुस्तकं वाचून दाखवणारे मित्र आपापल्या गावी अडकलेत. कोणी धडे वाचून रेकॉर्ड करून पाठवेल का? मी तेव्हा घरी बसून होते. मास कॉमला असताना व्हॉइस ओव्हरचं एक मॉड्यूल केलं होतं, तेवढ्या भांडवलावर म्हटलं, चला, वाचू या. सुरुवातीला सहा जण होतो. आज अडतीस जण वाचतात. डोंबिवली, ठाणे, नाशिक, सांगली, एक ताई तर शारजाहून. ऐकणारी मुलं चारशेच्या वर. निम्म्याहून जास्त लोकांना मी आजवर प्रत्यक्ष भेटलेली नाही. तरी कोणाच्या घरी कुकरची शिट्टी कितीला होते आणि कोणाचा कुत्रा कधी भुंकतो, हे मला पाठ आहे.

माझी अडचण कुत्र्याची नाही, रेल्वेची. आमचं घर रुळांना इतकं लागून आहे की लोकलची वर्दळ कमी होईपर्यंत रेकॉर्डिंगचं नाव काढायचं नाही. मग रात्री एक ते अडीच, डोक्यावर आजीची गोधडी, आत मी, मोबाइल आणि राज्यघटना. तरी पुण्याकडे जाणारी एखादी एक्स्प्रेस किंवा मालगाडी भोंगा वाजवून जातेच. परभणीचा तो मुलगा एकदा म्हणाला, "ताई, भोंगा वाजला की मला कळतं, मूलभूत हक्क आले."

हे बेकायदा नाही ना, असं सगळे विचारतात. नाही. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. त्यानुसार अपंग व्यक्तींना वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तक करून देता येतं. अट अशी की नफा कमवायचा नाही, फार तर करायला आलेला खर्च वसूल करायचा. त्या अटीतला 'खर्च वसूल करायचा' हा भाग आम्ही चार वर्षं वाचलाच नाही! फुकटात सेवा म्हणजे फुकटात, असा आमचा फंडा.

पण बॉस, फुकट काहीच नसतं. सर्व्हर आणि साठवणूक महिन्याला दोन हजार नऊशे, तेही डॉलरमध्ये. रुपया घसरला की आमचंही काळीज घसरतं. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांना एका नंबरवर फोन करून धडा ऐकता येतो, त्या लाइनचे महिना बाराशे. वर्षाला एक नवी हार्ड डिस्क, पाच हजार. शिवाय नावनोंदणीचे अकराशे. बेरीज करा, वर्षाचे पंचावन्न हजार तीनशे. कॉर्पोरेट पार्टीत एका टेबलावर उडतात तेवढे. पण आमच्याकडे टेबलच नाही.

पहिली काही वर्षं एका आयटीवाल्या दादाने त्याच्या सर्व्हरवर जागा दिली होती. त्याची नोकरी गेली, जागा गेली. तेव्हा ग्रुपवर मी ऐटीत टाकलं, 'झालंय मॅनेज, टेन्शन नॉट!' मॅनेज म्हणजे माझं कार्ड. चौदा महिने. चाळीस हजार सहाशे रुपये. घरात कोणाला सांगितलं नाही, ग्रुपवर तर नाहीच.

का? खरं सांगू? मागायची लाज वाटत होती. माझ्या पिढीला सगळं मागता येतं, रेफरन्स, नोटीस पिरियडची माफी, एक्सचा पासवर्डसुद्धा... पण पैसे? तोंडच उघडत नाही. रेस्टॉरंटमध्ये बिल वाटून घ्यायला आपल्याला ॲप लागतं, यातच काय ते आलं. आणि थोडा माजही होता. आपण गुपचूप एखादी गोष्ट चालवतोय, ही भावना फार गोड असते.

त्या रात्री घरी आले तर बाबा जागे. त्यांच्याकडे हजार रुपये मागितले. "कसले?" असं त्यांनी विचारलं आणि मी उभ्या उभ्या सगळं ओकले. बाबा गप्प बसून ऐकत होते. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला. "पावतीपुस्तक कोणाकडे आहे?"

मला हसूच आलं. पण बाबांना नव्हतं आलं. बाबा आमच्या चाळीच्या गणपतीचे बावीस वर्षं खजिनदार होते. नंबर घातलेलं पावतीपुस्तक, मधे निळा कार्बन आणि त्यांच्यामागे शाईचा पॅड धरून मी, वय वर्षं नऊ. मला हे काम जाम आवडायचं नाही. दार उघडायच्या आधीच आतून 'नंतर या' ऐकू यायचं. काही जण खिडकीतून बघून टीव्हीचा आवाज बंद करायचे. बाबा चिडायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी परत जायचे, तिसऱ्या दिवशी परत. मला वाटायचं, आपण भीक मागतोय. वर्गात एका मुलीने विचारलं होतं, "तुझे पप्पा पैसे गोळा करतात ना?" मी खोटं सांगितलं होतं, ते आमचे पप्पा नव्हेत.

विसर्जनानंतर आठ दिवसांत जमाखर्चाचा कागद जिन्याखाली चिकटायचा. अकरा रुपयेवाल्याचंही नाव असायचं, अकराशेवाल्याचंही, घरांच्या क्रमाने. मग कोणीतरी बनियनवर तावातावाने यायचे. "अहो, कुरमुऱ्यांचे एवढे कसे?" आई वैतागायची. बाबा मात्र खूश! म्हणायचे, "भांडायला आला ना, म्हणजे पुढच्या वर्षी वर्गणी नक्की देणार."

हे त्या रात्री त्यांनी मला पुन्हा ऐकवलं आणि हजार रुपये दिले. वर म्हणाले, "हे उसने. पावती नसेल तर मी देणगी देत नाही."

दुसऱ्या दिवशी मी ग्रुपवर क्यूआर कोड टाकला. सोबत फुलाफुलांचं एक आवाहन, 'आपल्या या यज्ञात समिधा' वगैरे. (होय, हे मी लिहिलंय. मास कॉमचे सर, माफ करा.) संध्याकाळपर्यंत एकतीस अंगठे, नऊ नमस्कार, दोन वेळा 'ग्रेट वर्क'. आणि पैसे? चार जणांकडून मिळून अकराशे. यूपीआय २०१६ साली आलं तेव्हापासून पैसे देणं चुटकीसरशी झालंय म्हणतात. झालंय खरं. पण चुटकी वाजवायला हात खिशातून बाहेर यावा लागतो ना!

मी जाम खचले. आणि खचले की मी जे करते तेच केलं, म्हणजे वाचायला बसले. लोक पूर्वी हे कसं करायचे?

सुरुवात घराजवळूनच. आमच्या शेजारचं कल्याण. ठाण्याहून कल्याणपर्यंत रेल्वे आली १८५४ साली आणि त्यानंतर दहा वर्षांनी, १८६४ मध्ये, कल्याणमध्ये सार्वजनिक वाचनालय उभं राहिलं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं. ते उभं करणाऱ्यांत 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिणारे विनायक लक्ष्मण भावे होते. तेव्हा ना क्यूआर ना सीएसआर. ग्रंथालयांना सरकारी अनुदान देण्यासाठी महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आला थेट १९६७ साली. म्हणजे कल्याणच्या वाचनालयाने हा कायदा येण्याआधी शंभराहून जास्त वर्षं काढली! अशा संस्था तेव्हा चालायच्या त्या वर्गणीवर, देणग्यांवर आणि चार माणसांच्या चपला झिजण्यावर. मी शाळेत असताना वाचनालयाच्या काउंटरवर कार्ड नाचवत 'दोन पुस्तकं का नाही?' म्हणून हुज्जत घालणारे आजोबा बघितलेत. तेव्हा वाटायचं, काय खडूस माणूस आहे! आता वाटतं, तो हक्काने भांडत होता. त्याने वर्गणी भरली होती.

मग सापडली ग्रंथाली. १९७४ साली दिनकर गांगल आणि त्यांच्या मित्रांनी सुरू केलेली वाचकांची चळवळ. कल्पना साधी होती. वाचकाने आधी पैसे भरून सभासद व्हायचं, मग सभासदांना पुस्तकं स्वस्तात. म्हणजे पुस्तक छापायच्या आधीच त्याच्यामागे वाचक उभा. दया पवारांचं 'बलुतं' ग्रंथालीने १९७८मध्ये काढलं, लक्ष्मण माने यांचं 'उपरा' १९८०मध्ये. आज ही पुस्तकं अभ्यासाला असतात, आपल्याला त्यांत धाडस दिसत नाही. पण तेव्हा नवख्या लेखकाचं, कोणाला न आवडणारं वास्तव सांगणारं आत्मकथन छापायचं म्हणजे जोखीमच. सभासदाचे पैसे आधीच हातात असले की ती जोखीम घेता येते. एखादा शेठ पैसे देणारा असता तर त्याने आधी विचारलं असतं, 'हे असलं कोण वाचणार?' असं मला आपलं वाटतं.

याच मंडळींतल्या काहींचा हात १९६८च्या प्रभात चित्र मंडळामागेही होता. तिथेही तेच, वर्षाची वर्गणी भरा आणि जगभरातले सिनेमे बघा. थिएटरात येऊन तिकीट काढायची सोय नाही; आधी सभासद व्हा, मग प्रेक्षक.

आमच्या कामाच्या सगळ्यात जवळची गोष्ट मात्र अमेरिकेतली निघाली. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीमध्ये १९४९ साली केपीएफए नावाचं रेडिओ स्टेशन सुरू झालं. जाहिरात नाही, सरकार नाही, श्रोत्यांनीच वर्गणी द्यायची. पुढच्याच वर्षी पैसे संपले आणि स्टेशन चक्क बंद पडलं. मग श्रोत्यांनी पैसे उभे केले आणि १९५१मध्ये आवाज परत सुरू झाला. आजही ते चालू आहे. हे वाचून मी बराच वेळ सीलिंगकडे बघत बसले. म्हणजे तिथे श्रोत्यांना निदान कळलं तरी की स्टेशन बंद पडलंय. आमच्या श्रोत्यांना मी कळूच दिलं नव्हतं.

आणि विकिपीडिया? मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. लिहिणारे सगळे बिनपगारी. २०२०मध्ये भारतातल्या वाचकांना पानाच्या डोक्यावर पिवळी-निळी पाटी नव्हे, थेट आर्जव दिसलं होतं, दीडशे रुपये द्या म्हणून. आठवतंय? मीही तेव्हा पाटी बंद करून पुढे गेले होते. रोज दहा वेळा वापरून! स्वतःवर वेळ आल्याशिवाय त्या पाटीमागचा माणूस दिसत नाही. ते पैसे जातात सॅन फ्रान्सिस्कोच्या विकिमीडिया फाउंडेशनकडे, मराठी लेख लिहिणाऱ्याच्या खिशात नाही, हाही भाग आहेच. पण तो सर्व्हर कोणाला तरी भरावाच लागतो.

एवढं वाचून मी शहाणी झाले असेन असं तुम्हाला वाटत असेल तर थांबा.

त्याच आठवड्यात माझ्या मावशीच्या ओळखीतून एका गृहस्थांचा फोन आला. बांधकामाच्या धंद्यातले, मोठं नाव. म्हणाले, "बेटा, कितीचं काम आहे? साठ हजार? पाठवून देतो. टेन्शन घ्यायचं नाही." मला तर नाचावंसं वाटलं. पुढच्या वाक्यात ते म्हणाले, "फक्त प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला आमच्या ग्रुपचं नाव घ्यायचं. पाच सेकंद." पाच सेकंद तर पाच सेकंद! मी मनातल्या मनात ती ओळ वाचूनसुद्धा बघितली, आवाजाचा चढउतार लावून.

ग्रुपवर टाकलं. अर्ध्या लोकांनी टाळ्या. आमच्या ग्रुपमध्ये एक काका आहेत, कल्याणचे, विम्याच्या कंपनीतून रिटायर झालेले, आवाज अगदी आकाशवाणी. त्यांनी लिहिलं, 'पुढच्या वर्षी त्यांनी दिले नाहीत तर?' कोणी उत्तर दिलं नाही. मी वैतागून खासगीत लिहिलं, 'काका, यंदाचं तरी होऊ दे.'

आणि मग परभणीचा व्हॉइस मेसेज आला. तो मुलगा आता पंचविशीचा आहे, दोनदा पूर्वपरीक्षा पास झालेला, मुख्यला अडकलेला. त्याचं म्हणणं जसंच्या तसं देते. "ताई, तुम्ही सगळ्यांना विचारलं, आम्हाला नाही विचारलं. मला मेंबर करा ना. मी महिन्याला वीस रुपये देतो. मला काय होतं, इतिहासाच्या पुस्तकात एक पान राहिलंय, दोन वर्षं झाली. सांगू सांगू म्हणतो. पण फुकट आहे, तुम्ही रात्री जागून वाचता, मग चूक कशी काढायची?"

मी तो मेसेज तीन वेळा ऐकला. दोन वर्षं! तो मुलगा दोन वर्षं एका न वाचलेल्या पानासकट परीक्षा देत होता आणि आम्ही इकडे 'ग्रेट वर्क'चे अंगठे मोजत होतो.

त्या रविवारी ऑनलाइन मीटिंग घेतली. तेवीस जण आले. मी ठरवलं होतं, हिशेब मांडायचा तर पूर्ण मांडायचा. चौदा महिन्यांचं सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, कोणीतरी डोळे पुसेल, 'किती करतेस गं' म्हणेल. कसलं काय! आमची बँकवाली ताई, डोंबिवलीची, फाडकन म्हणाली, "तू आम्हाला विचारलं का नाहीस? उद्या तू आजारी पडली असतीस तर? पासवर्ड कोणाकडे होता?"

पासवर्ड कोणाकडेच नव्हता. माझ्याकडेच होता.

तेवढ्यात काकांनी खाकरून माइक सुरू केला. "फोन लाइनचं बिल," ते म्हणाले, "गेली दोन वर्षं मी भरतोय. पेन्शनमधून. हिलाही मी 'मॅनेज झालंय' सांगितलं होतं." मी काकांकडे बघतेय, काका माझ्याकडे. दोघंही एकमेकांपासून लपवून एकाच गाड्याला धक्का देत होतो! ताईने दोघांनाही अशी झापली म्हणता, की शारजावाल्या ताईने कॅमेरा बंद केला. हसू आवरत नसणार.

झापणं बरोबर होतं, हे मला घरी आल्यावर, म्हणजे लॅपटॉप मिटल्यावर कळलं. पैसे मी भरत होते म्हणून निर्णयही मीच घेत होते. कुठलं पुस्तक आधी, कुठलं नंतर, कोणाचं रेकॉर्डिंग ठीक, कोणाचं नाही. कोणी हरकत घेतली नाही याचा मला अभिमान होता. अरे, हरकत घेतील कशाला? ज्याने वर्गणी भरली नाही तो कुरमुऱ्यांचा हिशेब कशाला विचारेल!

मग कामाला लागलो. इथून पुढची गोष्ट रोमँटिक नाही, पण उपयोगाची आहे, म्हणून सांगते. ताईचा पहिला नियम, एकाच्या नावावर पैसे घ्यायचे नाहीत. तिघांचं संयुक्त खातं काढलं, दोघांच्या सहीशिवाय रुपया हलत नाही. संस्था नोंदवायची तर १८६०च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली निदान सात माणसं लागतात, आणि महाराष्ट्रात पुढे १९५०च्या सार्वजनिक न्यास कायद्याखालीही नोंद करावी लागते. सात माणसं आम्हाला एका मिनिटात मिळाली, त्या सातांचे एकसारख्या सहीचे कागद जमवायला पाच महिने. अर्ज आता गेलाय. तोवर रस्त्यावर डबा वाजवल्यासारखं सार्वजनिक आवाहन करायचं नाही, त्याला धर्मादाय आयुक्तांची परवानगी वगैरे भानगडी असतात; गणपती मंडळंसुद्धा उगाच नाही तिथे अर्ज करत. म्हणून आमच्याकडे सध्या फक्त मेंबर आणि त्यांच्या ओळखीचे. देणगीवर करसवलत आम्हाला देता येत नाही, हे आम्ही आधीच सांगतो. दोघा जणांनी ते ऐकून फोन ठेवला. ठेवू दे.

दुसरा वाद, महिन्याला की वर्षाला? मी म्हटलं, ऑटोपेवर टाकू, आपोआप कापले जातील, कोणाला कळणारही नाही. यूपीआयवर ही सोय २०२०पासून आहे. शिवाय ऑक्टोबर २०२१मध्ये रिझर्व्ह बँकेचे नवे नियम आले तेव्हा कार्डावरच्या कितीतरी जुन्या वर्गण्या एका झटक्यात बंद पडल्या होत्या, तसा धोका इथे नाही, असं मी पटवत होते. बाबा मागे चहा घेऊन उभे होते. मधेच बोलले, "कळणारही नाही, हे चांगलं कसं काय?"

ठरलं, वर्षाला तीनशे पासष्ट. दिवसाला रुपया. ऐकणाऱ्या विद्यार्थ्यांना वर्षाला शंभर, आणि ज्याला तेही जमत नाही त्याला काहीच नाही. त्याला कोणी कारण विचारणार नाही. मेंबर झालं नाही म्हणून धडा बंद, असं कधीच नाही. यावर बराच कलकलाट झाला. काही जणांना विद्यार्थ्यांकडून पैसे घेणं पटलंच नाही, एक जण रागावून सोडूनही गेला. त्याचं चुकलं असं मला अजूनही ठामपणे म्हणता येत नाही. पण परभणीने मीटिंगमध्ये सांगितलं, "आम्हाला दया म्हणून ऐकवू नका, मेंबर म्हणून ऐकवा." मग मत घेतलं आणि पास झालं.

आणि ते साठ हजार? गृहस्थांना फोन करून म्हटलं, काका, देणगी घेऊ, यादीत नाव टाकू, पण धड्याआधी जाहिरात नको. ते म्हणाले, "बघू." अजून बघतायत. खोटं कशाला बोलू, महिन्याच्या एक तारखेला त्या साठ हजारांची मला हमखास आठवण येते.

वसुली मात्र बाबांच्या पद्धतीने. क्यूआर कोड फेकून मोकळं व्हायचं नाही, एकेकाला फोन करायचा. पहिल्या दिवशी मी यादी घेऊन पलंगावर बसले आणि अर्धा तास नुसते नंबर बघत होते. घशाला कोरड. नऊ वर्षांची मी, हातात शाईचा पॅड, आतून 'नंतर या'... तसंच. तिसऱ्या फोनला एक जण म्हणालाच, "नंतर करतो." मी म्हटलं, "चालेल, गुरुवारी करते." आणि गुरुवारी केला. आठव्या फोनला एक मॅडम हसत म्हणाल्या, "अगं, एवढं काय लाजत्येस? फाड पावती!" पावती म्हणजे मोबाइलवर जाणारं चित्र, पण नंबर घातलेला. बाबांचा आग्रह.

वर्ष संपलं तेव्हा तीनशे पासष्टवाले एकाहत्तर, शंभरवाले एक्केचाळीस. तीस हजार पंधरा रुपये. वरती सुट्या देणग्या बारा हजार सहाशे. म्हणजे बारा-तेरा हजार कमी पडले. ते काका, ताई आणि मी मिळून घातले, पण या वेळी हिशेबात लिहून, 'उसने' या रकान्यात. माझे जुने चाळीस हजार सहाशेही तिथे आहेत. परत मिळतील तेव्हा मिळतील. हिशेबाचा कागद दर महिन्याच्या पाच तारखेला सगळ्यांना जातो, आणि ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी काका तो वाचून रेकॉर्ड करतात, आकाशवाणीच्या बातम्यांसारखा. हे आमचं सर्वांत जास्त ऐकलं जाणारं रेकॉर्डिंग आहे. सांगलीच्या एका मुलीने मागच्या महिन्यात विचारलं, हार्ड डिस्क पाच हजारांची का घेतली, तिच्या गावात चार हजारांत मिळते. मी बाबांना सांगितलं. बाबा दिवसभर खूश होते.

आणि ते राहिलेलं पान? एकसष्ट नंबरचं. ते मी परवा रात्री वाचलं. दीड वाजता, गोधडीत शिरून. शेवटच्या परिच्छेदाला कर्जतच्या बाजूने मालगाडी आली आणि तिने व्यवस्थित भोंगा दिला. पुन्हा वाचायचा कंटाळा आला, तसंच पाठवून दिलं. सकाळी उठले तर मेसेज होता.

"पावती क्रमांक सतराकडून धन्यवाद. पान मिळालं, भोंगाही मिळाला. ताई, आता पान चौऱ्याण्णव बघा, तिथे दोन ओळी उलटसुलट झाल्यात."